आमचं धावणं आणि किडनीचा वारसा

(चिक्कडपल्ली परिसरातील धावणाऱ्या सभासदांच्या वतीने मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आम्ही नऊ जण आहोत. बोलणारा एक असला तरी काय बोलायचं ते नऊ जणांनी बसून ठरवलं आहे, म्हणून सगळं 'आम्ही' असंच बोलणार आहोत. आमच्यातला सर्वांत लहान २४ वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठे ६९ वर्षांचे. आठवड्यातले चार दिवस पहाटे सव्वापाचला आम्ही चिक्कडपल्ली मेट्रो स्टेशनखाली जमतो, इंदिरा पार्कच्या बाजूने टँक बंडवर जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो. येताना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं होतात, हेही प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं.

कार्यकारिणीने आम्हाला 'धावण्याचे फायदे' या विषयावर बोला असं सांगितलं होतं. ते थोडं बोलूच. पण आमच्या टी-शर्टच्या पाठीवर जे लिहिलं आहे, त्याबद्दल जास्त बोलायचं आहे. पाठीवर एकच शब्द आहे, वर मराठीत आणि खाली तेलुगूत. मराठीत 'अवयवदान', तेलुगूत 'अवयवदानम्'. टँक बंडवर मागून येणारा माणूस तो वाचतो, शेजारी येतो आणि विचारतो, "ये क्या लिखे जी पीछे?" मग पुढचा अर्धा किलोमीटर बोलणं होतं. धावताना माणूस मोकळा बोलतो. समोर तोंड नसतं, दोघांची नजर रस्त्यावर असते. घरात जे तोंडातून निघत नाही ते तिथे निघतं. आम्ही धावतो ते आरोग्यासाठी, पण हे बोलणं व्हावं म्हणूनही धावतो.

हा शब्द पाठीवर का आला, त्याला आमच्यातलं एक घर कारणीभूत आहे. त्या घराचं नाव आम्ही घेणार नाही. घरातल्या मुलीच्या लग्नाचं बघणं चालू आहे, एवढं कारण इथल्या प्रत्येकाला पुरेसं आहे. पण हकिकत सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे.

त्या घरातले आजोबा परभणीकडचे. पन्नाशीतच गेले. 'बीपी वाढून गेले' एवढंच घरात सांगितलं जायचं. त्यांच्या एका भावाच्या पोटात 'गोळा' होता म्हणत. एका बहिणीला 'मुतखड्याचा त्रास' होता म्हणत. तीन माणसं, तीन गावं, तीन वेगवेगळी नावं. वडिलांना पन्नाशीत सूज आली, दम लागू लागला आणि सोनोग्राफी झाली, तेव्हा कळलं की त्या तिन्ही नावांमागे बहुधा एकच आजार असणार. त्याचं नाव पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, थोडक्यात पीकेडी.

इथे एक खुलासा करतो, कारण हे नाव घेतलं की भगिनी लगेच विचारतात. मुलींच्या बीजांडकोशाशी संबंधित पीसीओडी म्हणतात तो हा नव्हे. नावं सारखी वाटली तरी दोन्ही आजार वेगळे आहेत. तसंच वय झाल्यावर सोनोग्राफीत किडनीवर एखादी गाठ, म्हणजे सिस्ट, दिसणं अगदी सामान्य आहे. तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही.

पीकेडीत दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या असंख्य पिशव्या तयार होतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. निरोगी किडनी साधारण ११ सेंटिमीटर लांबीची, मुठीएवढी असते. या आजारात ती तिच्या कितीतरी पट मोठी होऊ शकते, आणि जेवढी मोठी होते तेवढं तिचं काम कमी होतं. पण हे सगळं गुपचूप चालतं. तीस-चाळीस वर्षं काहीच जाणवत नाही. पहिली खूण बहुधा रक्तदाबाची असते. तरुण वयात बीपी वाढलं तर आपण ऑफिसच्या टेन्शनवर ढकलतो. कधी कुशीत दुखतं, कधी लघवीतून रक्त जातं. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या किडन्या साठीपर्यंत निकामी होतात. उरलेल्या निम्म्यांपैकी कित्येकांचं आयुष्य त्या तशाच किडन्यांवर पार पडतं.

हा आजार वारशाने येतो. कारणीभूत असलेली मुख्य दोन जनुकं शास्त्रज्ञांनी १९९४ आणि १९९६ साली शोधून काढली. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. थोरल्याला आला म्हणून धाकटी सुटली असंही नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणेफेक नव्याने होते. ज्याला तो आला नाही, त्याच्या मुलांना तो त्याच्याकडून जात नाही. काही रुग्णांच्या घरात मात्र आधी कुणालाच नसतो, त्यांच्यापासूनच सुरुवात होते. यात कुणाचं पाप नाही, पितृदोष नाही, आणि सून घरात आल्यामुळे तर मुळीच काही झालेलं नाही.

आता त्या घराकडे परत येतो. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. मग आईने एक किडनी दिली. प्रत्यारोपण चांगलं झालं. नव्या किडनीत हा आजार पुन्हा होत नाही, कारण ती किडनी दुसऱ्या रक्ताची असते. आज ते रोज सकाळी इंदिरा पार्कात पाऊण तास चालतात. नंतर मुलांच्या तपासण्या झाल्या. मुलगा ३१ वर्षांचा, त्याच्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. मुलगी २७ वर्षांची, एमआरआय झाला, ती सुटली.

हिशेब आता तुमच्याही लक्षात येईल. उद्या मुलाला किडनी लागली, तर कोण देणार? आईने एक देऊन टाकली आहे, दुसरी तिला हवी. वडील स्वतः दुसऱ्याच्या किडनीवर आहेत. काका, आत्या, चुलत भावंडं यांच्यातल्या कुणात आजार आहे, कुणी तपासणीच करून घेत नाही. राहते एकटी बहीण.

इतर आजारांत घरातला माणूस आजारी पडला की घरातलेच पुढे येतात. वारशाच्या आजारात जे पुढे यायचे तेच आजारी असतात. म्हणून अशा घराला घराबाहेरचा दाता लागतो, आणि तो दाता जिवंत माणूस नसतो. कायद्याने जिवंतपणी अवयव देण्याची मुभा मुख्यतः जवळच्या नातेवाइकांना आहे. विकत घेणं-देणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मग उरतो तो मरणोत्तर दाता. म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी, ज्याने आयुष्यात कधी त्या घराची पायरी चढलेली नाही. किडनीचा वारसा त्या घराचा आहे, पण त्यावरचा इलाज सगळ्या शहराच्या हातात आहे. आम्हाला आज हेच सांगायचं आहे.

आणि इथे बहिणीचाही विषय येतो. नोट्टो, म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था, हिचे आकडे पाहा. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं नोंदली गेली. त्यांतल्या २९,६९५ वेळा अवयव पुरुषाला मिळाला आणि ६,९४५ वेळा स्त्रीला. म्हणजे पाचातले चार पुरुष. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. आई देते, पत्नी देते, बहीण देते. प्रेमाने देतात, त्यात शंका नाही. पण जिला मिळालं पाहिजे तिच्यासाठी घर तितक्याच धडपडीने उभं राहतं का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. आमच्या त्या घरातल्या मुलीला कुणी काही म्हटलेलं नाही. पण बघायला येणाऱ्यांना सांगायचं की नाही, सांगितलं तर 'उद्या ही किडनी देऊन बसेल' असं म्हणतील का, ही चिंता तिच्या आईच्या तोंडावर आम्हाला रोज दिसते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिलेली माणसं. कुणी निजामाच्या काळात नोकरीला आलं, कुणी विवेकवर्धिनीत शिकायला आलं, कुणी सुलतान बाजारात दुकान घातलं. सोयरिकी नांदेड, लातूर, सोलापूर, गुलबर्ग्याला झाल्या, आता पुण्याला आणि परदेशात होतात. आपल्या घराघरांत कुलवृत्तांत आहेत. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण वकील झालं, कोण सत्याग्रहात तुरुंगात गेलं, सगळं लिहिलेलं असतं. पण कोण कशाने गेलं ते लिहिलेलं नसतं. लग्न जमवताना नाडी विचारतो, मंगळ विचारतो. घरात कुणाचं डायलिसिस झालं का, हे विचारलं तर अपमान वाटतो.

आमची विनंती आहे की कुलवृत्तांताच्या शेवटी एक पान जोडा. आजोबा, आजी, त्यांची भावंडं, पुढची पिढी. कोण कोणत्या वयात गेलं, बीपी केव्हा सुरू झालं, किडनीचा त्रास होता का, मेंदूत रक्तस्राव झाला होता का. मेंदूचं मुद्दाम सांगतो, कारण पीकेडीच्या काही रुग्णांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगण्याचा धोका असतो. परभणीची आत्या आणि पुण्याचे काका एका कागदावर आले की जे तीन वेगळे आजार वाटत होते ते एकच निघू शकतात. हे पान सोयरीक मोडण्यासाठी नाही. वेळेत कळावं म्हणून आहे.

वेळेत कळून करायचं काय, असं एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं. आजार समूळ जाईल असं औषध आज नाही. पण रक्तदाब ताब्यात ठेवला तर किडनी जास्त वर्षं टिकते. मीठ कमी केलं तर रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते. आपल्या ताटात डावीकडे लोणचं आणि पापड असतोच, त्यात हैदराबादेत राहून आवकाय सुटत नाही, तेव्हा हे सोपं नाही, आम्हाला ठाऊक आहे. टोल्व्हॅप्टन नावाचं औषध काही रुग्णांत गाठींची वाढ मंदावतं. ते कुणाला द्यायचं हे किडनीचे डॉक्टरच ठरवतात. सुरुवातीला एक साधी सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि बीपी, एवढ्यावर बरंच कळतं. आमच्या त्या तरुणाला ३१व्या वर्षी कळलं. वडिलांना पन्नाशीत कळलं होतं. तेवढी वर्षं त्याच्या हातात आली.

आता धावण्याबद्दल. धावल्याने पीकेडी बरा होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धावल्याने वजन, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, आणि याच गोष्टी किडनीच्या मित्र किंवा शत्रू आहेत. आपल्या देशात किडनी निकामी होण्याचं मोठं कारण मधुमेह आहे, म्हणजे हा विषय पीकेडी नसलेल्या घरांचाही आहे. धावायला जमत नसेल तर चाला. पीकेडी असलेल्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. किडन्या फार मोठ्या झाल्या असतील तर पोटाला धक्का बसेल असे कबड्डीसारखे खेळ टाळायला सांगतात.

एक गोष्ट मात्र धावणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी. शर्यतीच्या आदल्या रात्री किंवा सकाळी दुखू नये म्हणून इबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन धावणारे आम्ही पाहिले आहेत. अंगातलं पाणी कमी झालेलं, वर उकाडा, आणि पोटात ही गोळी. यात निरोगी किडनीलाही इजा होऊ शकते. गुडघा दुखत असेल तर त्या दिवशी धावू नका. पदक पुढच्या वर्षी मिळेल.

ऑगस्टमध्ये हैदराबाद मॅरेथॉन असते. नेकलेस रोडवरच्या पीपल्स प्लाझापासून सुरू होऊन गचिबावलीच्या मैदानावर संपते, मध्ये उड्डाणपुलांचे चढ दमवतात. आम्ही कुणी १० किलोमीटर धावतो, कुणी २१. पाठीवरचा शब्द त्या दिवशी हजारो लोक वाचतात. किडनी दिलेला माणूस अधू होतो, ही समजूत तिथे सर्वांत जास्त ऐकू येते. तिला आमचं उत्तर म्हणजे बंगळुरूचे अनिल श्रीवत्स. त्यांनी २०१४ साली भावाला किडनी दिली. २०१९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धा झाल्या. त्यात दात्यांच्या गटात त्यांनी १०० मीटर धावण्यात आणि चेंडूफेकीत सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धा १९७८ पासून होत आहेत, आणि त्यात अवयव मिळालेले आणि दिलेले दोघेही उतरतात.

मरणोत्तर दानाबद्दल तीन शब्दांची गल्लत होते, ती दूर करू. नेत्रदान हे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, घरी मृत्यू आला तरी करता येतं. देहदान म्हणजे संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला शिक्षणासाठी देणं. अवयवदान या दोन्हींपेक्षा वेगळं. किडनी, यकृत, हृदय, फुप्फुसं देता येतात ती मुख्यतः मेंदूमृत्यू झालेल्या, अतिदक्षता विभागात यंत्रावर असलेल्या माणसाची. मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत माणूस येत नाही. यंत्रामुळे हृदय काही काळ चालू असतं, एवढंच. चार डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं, आणि किमान सहा तासांनी त्याच तपासण्या पुन्हा केल्या जातात. मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. एका दात्याकडून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात. देह टाके घालून नीट परत दिला जातो. अंत्यविधी, दहावा, तेरावा, सगळं रीतीप्रमाणे करता येतं.

आपल्या शहरात याची व्यवस्था 'जीवनदान' नावाने पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयातून चालते. २०१३ पासून ती सुरू आहे. अवयव कुणाला द्यायचा ते यादी आणि नियम यांनुसार ठरतं. २०२४ साली तेलंगणात १८८ मेंदूमृत दात्यांच्या घरच्यांनी होकार दिला. लोकसंख्येच्या मानाने देशात हे प्रमाण फार वरचं आहे, आणि हैदराबादकर म्हणून आपल्याला त्याचा अभिमान वाटावा. कारण सबंध देशात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही मरणोत्तर दाता मिळत नाही.

आपण रोज बसतो ती मेट्रोही या कामाला आली आहे. २ फेब्रुवारी २०२१ रोजी नागोलहून जुबिली हिल्सला एक हृदय विशेष गाडीने नेलं. सुमारे २१ किलोमीटर, अर्ध्या तासाच्या आत. तेवढंच अंतर धावायला आम्हाला अडीच तास लागतात. १७ जानेवारी २०२५ रोजी एल. बी. नगरहून लकडी का पूलला, १३ किलोमीटर, १३ मिनिटांत दुसरं हृदय गेलं. हृदयाला चार-सहा तासांचीच मुदत असते म्हणून ही घाई. किडनीला त्याहून जास्त वेळ मिळतो. पण गाडी, रस्ता, डॉक्टर सगळे तयार असले तरी सुरुवात एका घरातल्या होकारानेच होते.

आणि तो होकार मागितला जातो ती वेळ सर्वांत वाईट असते. तरुण माणूस अपघातात गेलेला असतो, घरचे दवाखान्याच्या जिन्यात बसलेले असतात. त्या वेळी नवा विचार कुणालाच सुचत नाही. तुम्ही आधी फॉर्म भरला असला तरी प्रत्यक्षात घरच्यांची संमती घेतल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हणून नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने नोंदणी जरूर करा, पण ती पुरेशी समजू नका. घरी सांगा. जेवताना सांगा, गौरी जेवायला येतील तेव्हा जमलेल्या सगळ्यांना सांगा. 'असं अभद्र सणात बोलू नये' असं कुणी म्हणेल. दधीचींनी अस्थी दिल्याची गोष्ट आपण मुलांना सणातच सांगतो ना?

ज्येष्ठांसाठी एक सांगायचं राहिलं. मरणोत्तर दात्याचा अवयव मिळण्यासाठी नाव नोंदवायला पूर्वी ६५ वर्षांची मर्यादा होती. ती २०२३ साली काढली. त्याच राज्याचे रहिवासी असण्याची अटही गेली. तेव्हा 'आता माझं काय' असं म्हणून कुणी डायलिसिसच्या खुर्चीवर स्वस्थ बसू नये.

आमच्या त्या तरुणाची किडनी आज चालते आहे. त्याला दुसरी लागेल ती कदाचित १५ वर्षांनी, कदाचित २० वर्षांनी, कदाचित कधीच नाही. मॅरेथॉनची तयारी कुणी आदल्या दिवशी करत नाही, महिनोन्‌महिने आधी करतो. त्याच्यासाठी ती तयारी आपल्याला आतापासून करायची आहे, म्हणजे त्याची वेळ येईल तेव्हा या शहरातल्या घरांना होकार देण्याची सवय झालेली असेल. आणि तेव्हा त्याच्या बहिणीपुढे 'तूच दे' असं म्हणणारी परिस्थिती उभी राहणार नाही. तिला द्यायची असेल तर तिने स्वखुशीने द्यावी.

विसर्जनानंतरच्या रविवारी सव्वापाचला मेट्रो स्टेशनखाली आम्ही असू. टी-शर्ट जास्तीचे शिवून ठेवले आहेत. चालणाऱ्यांनीही यावं, काकू-वहिनींनी जरूर यावं. येताना घरातलं ते पान लिहायला घेतलं असेल तर उत्तमच.

गणपती बाप्पा मोरया!